पंडिता रमाबाईंस तारणारा केव्हां भेटला?

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत अशीं पुष्कळ घराणीं आहेत कीं, ज्यांचे आजे-पणजे दुष्काळाच्या सालीं ख्रिस्ती झाले. गांवांत तंटा झाला किंवा पाणवठ्यावर बोलाचाली झाली, म्हणजे त्यांच्या नातवंडांस अजून टोमणा ऐकावा लागतो कीं, तुमचे वडील पोटासाठीं बाटले, त्यांस तारणारा कोठून ठाऊक असणार! हें ऐकून कित्येकांच्या माना खालीं जातात. कित्येकांच्या मनांत असाहि संशय शिरतो कीं, ज्या विश्वासाचा आरंभ असा झाला तो खरा असेल काय? शास्त्रें चाळून व तर्कानें खात्री करून घेऊन जो विद्वान ख्रिस्ताकडे येतो त्याचा विश्वास तेवढा पक्का, आणि आम्हां अडाण्यांचा कच्चा, असें त्यांस वाटतें. अशा बंधुभगिनींकरितां आम्ही पंडिता रमाबाईंचें चरित्र थोडक्यांत सांगणार आहों. बाईंच्या विद्वत्तेविषयीं शत्रूंसहि शंका नव्हती. तथापि त्यांसहि ख्रिस्ताकडे दोनदां यावें लागलें, हें या चरित्रावरून दिसून येईल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून मोठे संस्कृतज्ञ होते. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असा त्या काळचा दंडक होता. शास्त्रीबोवांनीं तो मोडून आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस देववाणी शिकविली, आणि स्वजनांचा रोष पतकरून ते रानांत राहिले. आईनें तीच विद्या रमाबाईंस पहांटे उठवून मुखोद्गत करविली. पुढें हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. देवळांत पुराण सांगावें, लोक जें देतील त्यावर निर्वाह करावा, आणि उरेल तें दानधर्मांत वेंचून पुण्य जोडावें, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षें चालला.

शास्त्रीबोवांच्या या जीवनक्रमाकडे आमच्या वाचकांनीं तुच्छतेनें पाहूं नये. मनुष्याचें पाप मोठें आहे, त्याची फेड झाली पाहिजे, आणि ती फेड मनुष्यानें स्वतःच व्रतांनीं, स्नानांनीं, दानांनीं केली पाहिजे, अशी त्यांची मनापासून समजूत होती, आणि त्या समजुतीसाठीं त्यांनीं आपलें सर्वस्व खर्चिलें. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडूं लागला तेव्हां त्यांच्याजवळ कांहीं उरलें नव्हतें. मजुरीची संवय नाहीं, भीक मागण्याची लाज. अशा स्थितींत त्यांनीं रानांतला पाला व शिंदीचीं फळें खाऊन दिवस काढले. त्यांतच शास्त्रीबोवा वारले. मरणापूर्वीं त्यांनीं आपल्या धाकट्या मुलीस जवळ घेऊन, सन्मार्गानें चालावें व देवाची सेवा करावी, एवढेंच मागणें मागितलें. थोड्याच दिवसांनीं आई गेली, व मागोमाग थोरली बहीण कृष्णाबाई गेली. सोळा-सतरा वर्षांच्या रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री हीं दोघेंच राहिलीं.

हीं बहीणभावंडें पुढें पायींच हिंडत उत्तरेस पंजाबापर्यंत गेलीं. झेलम नदीच्या कांठीं थंडीच्या दिवसांत अंगावर पुरेसें वस्त्र नसल्यामुळें त्यांनीं वाळूंत दोन खड्डे खणले, त्यांत आडवीं झालीं, व डोकें तेवढें बाहेर ठेवून सर्वांग वाळूनें झांकून घेतलें. वडिलांनीं सांगितलेलीं व्रतें त्यांनीं पाळून पाहिलीं, तीर्थें पाहिलीं, पुरोहितांचे व्यवहारहि जवळून पाहिले; आणि हळूहळू त्यांची जुनी श्रद्धा ढांसळत गेली. दुष्काळांत जन्म काढलेल्या आमच्या वाडवडिलांची भूक पंडिताबाईंस ऐकून ठाऊक नव्हती, ती त्यांनीं स्वतः सोसली होती, हें येथें लक्षांत ठेवावें.

१८७८ सालीं तीं दोघें कलकत्त्यास पोंचलीं. वीस वर्षांच्या या मुलीचें संस्कृत ऐकून तेथील पंडित चकित झाले, आणि त्यांनीं तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच नगरांत एका ख्रिस्ती मेळाव्याचें त्यांस आमंत्रण आलें. तेथें लोक खुर्च्यांकडे तोंड करून, गुडघे टेंकून, डोळे मिटून कांहीं पुटपुटत आहेत असें पाहून, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करितात कीं काय, असें त्यांस वाटलें! त्या प्रसंगीं त्यांस संस्कृत बायबलाची प्रत देण्यांत आली. परंतु त्याची भाषा व धाटणी इतकी अपरिचित वाटली कीं, एवढ्या विदुषीसहि त्याचा बोध होईना. उपदेशक बंधूंनीं ही गोष्ट मनांत ठेवावी. आपली प्रार्थना व आपलें शास्त्र नव्यानें पाहणाऱ्यास कसें दिसतें, याचा विचार आपण क्वचितच करितों.

कलकत्त्यांतच त्यांस पडद्यांतील स्त्रियांपुढें शास्त्रांवर व्याख्यानें देण्याची विनंति झाली, म्हणून त्यांनीं धर्मशास्त्रांचें बारकाईनें अध्ययन केलें. तेव्हां त्यांस आढळलें कीं, ग्रंथकारांचे इतर गोष्टींत कितीहि मतभेद असले, तरी स्त्रीजात स्वभावतःच वाईट, आणि पुरुषाप्रमाणें मोक्षाचा अधिकार तिला नाहीं, याविषयीं मात्र बहुतेकांचें एकमत आहे. शूद्रांचीहि तीच गत. केशवचंद्र सेन यांच्याशीं त्यांचा परिचय झाला, ब्राह्म समाजाचा एकेश्वरवाद त्यांस मानवला. परंतु स्त्रीशूद्रांस तारील कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

१८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. ते जातीनें ब्राह्मण नव्हते. आसामांत सिल्चर येथें संसार सुरू असतां, घरच्या पुस्तकांत त्यांस लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सांपडली. ती त्यांनीं आवडीनें वाचली. तेथील बाप्तिस्त मिशनरी ॲलन हे घरीं येऊन उत्पत्तीच्या पुस्तकाचा अर्थ सांगूं लागले. बिपिनबाबू स्वतः मिशनच्या शाळेंत शिकलेले होते. पण पत्नीनें उघडपणें बाप्तिस्मा घेऊन लोकांच्या तिरस्कारास पात्र झालेल्या ख्रिस्ती समाजांत जावें, ही कल्पना त्यांस मुळींच रुचली नाहीं, आणि ॲलनसाहेबांचें येणें बंद करण्याची त्यांनीं भाषा केली. अशा वृत्तीचे लोक आमच्याहि पाहण्यांत येतात. ख्रिस्ताची शिकवण त्यांस आवडते, परंतु ख्रिस्ताच्या लोकांबरोबर एका पंक्तीस बसण्याची त्यांची तयारी नसते. ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं बिपिनबाबू पटकीनें वारले. तेवीस वर्षांच्या रमाबाई, दहा महिन्यांची कन्या मनोरमा हिला घेऊन विधवा झाल्या.

त्यानंतर त्या पुण्यास आल्या. त्याच सालीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि हंटर कमिशनपुढें स्त्रियांच्या शिक्षणाविषयीं साक्ष दिली. एका मिशनरी बाईंकडे त्या इंग्रजी व मराठी नवा करार शिकत असत. नेहेम्या गोरे यांच्याशीं त्यांची येथेंच गांठ पडली. हे गोरेशास्त्री काशीचे विद्वान. प्रथम ख्रिस्ती मताचें खंडण करण्यास सरसावले, आणि १८४८ सालीं स्वतःच ख्रिस्ती झाले.

१८८३ सालीं रमाबाई वैद्यक शिकण्याच्या इच्छेनें इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील धर्मभगिनींच्या आश्रमांत राहिल्या. या भगिनींचें लंडनांतील फुलम येथें एक गृह होतें. कुमार्गास लागलेल्या स्त्रियांस तेथें आश्रय मिळे. तें पाहण्यास रमाबाईंस नेण्यांत आलें. ज्या स्त्रियांस आपल्या देशांत कोणी उंबऱ्यावर उभें करणार नाहीं, त्यांची येथें कुलीन स्त्रिया सेवा करितात, आणि त्यांतील कित्येक पालटून इतरांच्या सेवेस लागल्या आहेत, हें पाहून त्या थक्क झाल्या. असें करण्यास तुम्हांस कोण लावितो, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानांतील चौथा अध्याय उघडून विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट त्यांस वाचून दाखविली. रमाबाईंच्या जुन्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळालें. स्त्री, तीहि परजातीची, तीहि पतित. अशीशीं बसून बोलणारा तारणारा त्यांनीं प्रथमच पाहिला.

मन ओढलें गेलें, बुद्धि मात्र अडून होती. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याचें प्रमाण काय, या विषयावर गोरेशास्त्र्यांनीं मराठींत लिहिलेला निबंध वाचून तीहि अडचण मिटली, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें रमाबाईंनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी पुण्यास पोंचली तेव्हां मोठा गहजब झाला. वर्तमानपत्रांनीं कठोर टीका केली. जे काल आदर करीत होते त्यांस हा विश्वासघात वाटला. जोतीराव फुले यांनीं मात्र १८८५ सालीं आपल्या सत्सार या पत्रकांत त्यांची बाजू घेतली. ज्या धर्मानें स्त्रियांस व शूद्रांस दूर ठेविलें तो एका विदुषीनें सोडला, तर त्यांत नवल काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोंख होता. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहींत. तथापि ज्यांस खालीं दडपलें आहे त्यांस या तारणाऱ्याची गोष्ट कां गोड लागते, हें त्यांस पुण्याच्या पंडितांहून अधिक समजलें होतें.

येथें चरित्र संपलें असें कित्येकांस वाटेल. बाप्तिस्मा झाला, मंडळींत नांव लागलें, आतां काय राहिलें? परंतु रमाबाईंचें तसें झालें नाहीं. बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या मनांत त्रैक्याविषयीं व मतांगीकाराविषयीं अनेक शंका उठल्या. त्यांनीं त्या आपल्या आध्यात्मिक आई भगिनी जेराल्डिन यांस पत्रांनीं उघडपणें कळविल्या. आपण एका पुरोहितवर्गाच्या जुंवांतून महाप्रयासानें सुटलों, आतां दुसऱ्याच्या जुंवांत मान घालणार नाहीं, असा त्यांचा बाणा होता. जेराल्डिनबाईंस त्यांत अहंकार दिसे. दोघींचा वाद वर्षानुवर्षें चालला, पण प्रेम तुटलें नाहीं. शंका काढणाऱ्या नवशिष्यास अधर्मी ठरविण्याची घाई आमच्याकडेहि होते; गोरेशास्त्र्यांसारख्या भक्तिमान पुरुषासहि शंकांनीं आयुष्यभर गांठलें होतें, हें त्या वेळीं आठवावें.

१८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, तेथें हिंदु विधवांची स्थिति सांगून त्यांनीं सहाय्य मिळविलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत विधवांसाठीं शारदा सदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. सर्व कांहीं चांगलें चाललें होतें. मुली शिकत होत्या, नांव झालें होतें, सत्कार्य हातून घडत होतें. परंतु बाईंच्या मनास स्वास्थ्य नव्हतें. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नांवाच्या इंग्रज पाळकांचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. हे पाळक पुष्कळ वर्षें उपदेश करीत होते, आणि एके दिवशीं व्यासपीठावर उपदेश करीत असतांच त्यांचा स्वतःचा पालट झाला. तें वाचून रमाबाईंस आपली स्थिति कळली. आपण आठ वर्षांपूर्वीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु त्या धर्माचा जो जीव, तो ख्रिस्त आपणांस अजून मिळालेला नाहीं. बुद्धीची खात्री, बाप्तिस्मा आणि सत्कर्में यांवर आपण भार टाकला, तारणाऱ्यावर टाकला नाहीं, असें त्यांनीं पुढें स्वतः लिहून ठेविलें. मग त्या पापी म्हणून, रिकाम्या हातांनीं त्याच्याकडे गेल्या, आणि त्यांस शांति लाभली.

वडील पुण्याची जोड करूं पाहत होते. मुलगीहि ख्रिस्ती होऊन आठ वर्षें, निराळ्या नांवानें, तीच जोड करीत होती. आमच्या मंडळ्यांतहि रविवारीं उपासनेस येणें, वर्गणी देणें, दारू सोडणें, मुलांस शाळेंत घालणें, एवढ्यावर समाधान मानणारे पुष्कळ आहेत. या गोष्टी चांगल्या आहेत, आणि त्या सोडाव्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांतील कोणतीहि तारणारा होऊं शकत नाहीं.

या बदलाचे परिणाम लौकरच दिसले. शारदा सदनांत कोणावर धर्माची सक्ति करावयाची नाहीं असा ठराव होता, व बाईंनीं तो पाळला. परंतु स्वतःची प्रार्थना त्या दार उघडें ठेवून करीत, आणि मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या. १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं राजीनामे दिले, व अनेक मुलींस पालकांनीं काढून नेलें. सल्लागारांची अडचण खोटी नव्हती. आपल्या शब्दावर लोकांनीं मुली पाठविल्या आहेत, याची त्यांस काळजी होती. बाईंस मात्र जें स्वतःस मिळालें तें दार लावून लपविणें शक्य नव्हतें. दोन्ही पक्ष प्रामाणिक असतांहि ख्रिस्ताच्या नांवावरून वाट वेगळी होते, हें आमच्या वाचकांस आपल्या घरांतून ठाऊक आहे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतांतील हाल ऐकून बाईंस आपले जुने दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या, आणि उपाशी, अनाथ, कुमार्गाच्या दारांत उभ्या असलेल्या सुमारें तीनशें मुली व बायका त्यांनीं टप्प्याटप्प्यानें आणल्या. पुण्यांत प्लेगची साथ असल्यामुळें त्यांस तेथें ठेवतां येईना, म्हणून पुण्याहून सुमारें ३४ मैलांवर केडगांव येथें आपल्या शेतांत त्यांनीं त्यांस नेलें. तेंच पुढें मुक्ति सदन झालें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांवर गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सर्व कामें स्त्रियाच करीत.

या मुली कशा आल्या? भुकेनें आल्या. कित्येकींस तर भय वाटे कीं, ही बाई आम्हांस पोसून लठ्ठ करील आणि मग उलटें टांगून आमचें तेल काढील! भाकरी लपवावी, चोरी करावी, भांडावें, असें त्यांचें आरंभीचें वागणें असे. बाईंनीं त्यांस तारणाऱ्याची व्याख्या आधीं शिकविली नाहीं. आधीं अंग धुतलें, जखमा बांधल्या, जेवूं घातलें, अक्षरें शिकविलीं. आणि त्यांच्यासाठीं रोज प्रार्थना केली. १९०५ सालीं मुक्ति सदनांत जें मोठें जागरण झालें, त्यांत याच मुली आपलीं पापें कबूल करून रडल्या आणि मग आनंद करूं लागल्या. कित्येक जणी टोळ्या करून आसपासच्या गांवीं शुभवर्तमान सांगण्यास जाऊं लागल्या.

बाईंचें शेवटचें मोठें काम म्हणजे बायबलाचें मराठी भाषांतर. कलकत्त्यांतील तें न समजलेलें संस्कृत बायबल त्या विसरल्या नसाव्यात, असें आम्हांस वाटतें. साधी खेडवळ बाई वाचील आणि तिला कळेल, अशा मराठींत तें असावें, म्हणून त्यांनीं उतारवयांत इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. ऐकूं कमी येत होतें, देह थकला होता. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. तरी आईनें लेखणी खालीं ठेविली नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई प्रभूकडे गेल्या. त्यांचें संपूर्ण बायबल १९२४ सालीं बाहेर पडलें. त्याची छपाई मुक्ति सदनांतील स्त्रियांनींच केली. ज्या हातांस दुष्काळांत भाकरीचा तुकडा लपविण्याची संवय होती, तशा हातांनीं देवाच्या वचनाचे खिळे जुळविले.

प्रिय वाचकहो, बाईंच्या मरणास आतां शंभराहून अधिक वर्षें झालीं आहेत. त्यांच्या चरित्रांत तारणाऱ्यास मिळालेलीं निरनिराळीं उत्तरें आम्हीं पाहिलीं. कोणी स्वतःच पुण्य जोडूं पाहिलें, कोणी शिकवण घेऊन मंडळी टाळली, कोणी रागावले, कोणी न्यायबुद्धीनें बाजू घेतली. खुद्द रमाबाई एकदां विद्येच्या वाटेनें आल्या, आणि ती वाट त्यांस धर्माच्या दारापर्यंत घेऊन आली. आंत जातांना त्यांस विद्या बाहेर ठेवावी लागली. त्यांच्या मुली भुकेच्या वाटेनें आल्या, आणि त्यांसहि तेंच दार लागलें. म्हणून, बंधुभगिनींनो, तुमचे आजे धान्यासाठीं आले असें कोणी म्हणेल, तर लाजूं नका. ते आले असतील तसे. तुम्हीं मात्र आज आपणांस विचारावें कीं, आम्हांस वाडवडिलांकडून धर्म मिळाला, पण तारणारा मिळाला आहे काय? आणि उपदेशक बंधूंनीं, बाप्तिस्म्याच्या वहींत नांव लिहिलें म्हणजे आपलें काम झालें असें न समजतां, त्या नांवाच्या मनुष्याजवळ वर्षभर, लागल्यास आठ वर्षें, धीरानें बसावें. प्रभु त्यांच्या श्रमांस यश देवो.